नाव सांगून उघडायची डिस्क

१४ डिसेंबर १९६९

प्रिय जमना,

नाव वाचून दचकलीस ना? लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मी तुला नावानं हाक मारतोय ती आज पहिल्यांदा, तीही अमेरिकेतून. हे पत्र आपल्या प्रकाशा गावी पोचल्यावर तुझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, आधी फोडलं तरी फोडू देत.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव नेहमीसारखं पोस्टमास्तरांच्या अक्षरात. आतलं सगळं शाळेतल्या शुद्ध मराठीत, आणि शेवटची ओळ तेवढी आपली: 'दुसरी बायको कराले मन्ही हरकत नही.' त्या ओळीला उत्तर देतो, पण आधी माझा इथला पराक्रम ऐक.

आमच्या कॉम्प्युटरला दोन डिस्क आहेत, ताटाएवढ्या फिरत्या चकत्यांच्या. सगळं लिखाण त्यांवर साठतं. आम्ही नवी रीत बसवतोय. प्रोग्रॅमला डिस्क हवी असली, की त्यानं तिचं नाव सांगून ती उघडून मागायची, आणि नुसती वाचायला की लिहायलाही, तेही सांगायचं. मग यंत्र एक आकडा हाती देतं. पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर. मी मोठा शहाणा. नावाला फाटा देऊन 'डावीकडची उघड, लिहायला' एवढंच घातलं. सोमवारी कुणीतरी डिस्कची अदलाबदल केली. डावीकडे शेजारच्या टेबलावरच्या बाईंची डिस्क आली आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यांचं दोन महिन्यांचं काम बिनदिक्कत पुसून टाकलं. नशीब माझं, त्यांच्याकडे टेपवर नक्कल होती. बाई रागावल्या नाहीत. नाव घालायला काय जड जात होतं, एवढंच विचारलं.

आपल्याकडे नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नसतं, हे त्यांना कसं सांगणार? तू माजघरातून 'ओ, आयकी ऱ्हायनात का?' म्हणायचीस आणि ओसरीवरचे आम्ही तिघे भाऊ एकदम उठायचो! सगळे हसायचे, तू लाजून आत पळायचीस. दोन्ही वहिनींना मुलांच्या नावानं हाक मिळाली, अमक्याची माय, तमक्याची माय. तुला मूल नाही, म्हणून तुला हाकच नाही. अकरा वर्षांत मला हे एकदाही खुपलं नाही, याची फार लाज वाटते गं.

दुसऱ्या लग्नाला मी बापूंना नकार कळवलाय. मूल नाही तर नाही. मला बायको आहे आणि तिच्यावाचून मला इथे करमत नाही, हे सांगायलाच आज लिहायला बसलो. या पत्रापाठोपाठ मुंबईहून तुझ्या पासपोर्टचा अर्ज येईल. मित्राला तो भरून पाठवायला सांगितलंय, फक्त नवऱ्याच्या नावाची ओळ कोरी ठेवायला लावलीय. ती तू भर. शाई सांडेल, सांडू दे. दुसरा अर्ज मागवू. पण तिथे माझं नाव दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नकोस.

तुझाच,
रूपचंद