घड्याळ झालेली रेकॉर्ड व माझी इतर मिळकत

मागच्या महिन्यात माझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला माझा पुतण्या अनीश याने मला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. ते माझ्याच पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डचे केलेले होते. हे मृत्युपत्र लिहायला एवढे कारण पुरेसे आहे.

मी, क्षिप्रा विश्वंभर वर्तक, बी.ए., अविवाहित, राहणार आगरदांडा, तालुका मुरूड, जिल्हा रायगड, दुय्यम निबंधक कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त. नोकरीत मी इतरांची पुष्कळ मृत्युपत्रे नोंदवून घेतली. ज्यांनी ती सविस्तर लिहिली त्यांच्या घरी भांडणे कमी झाली, म्हणून मीही सविस्तर लिहिणार आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे आणि कान उत्तम आहेत. कानांचे मुद्दाम लिहिले, कारण असली गाणी ऐकून मी पन्नाशीत बहिरी होणार असे गावाने ठरवले होते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. शेजारीण सफुरा समोर चहा पीत बसली आहे आणि मध्ये मध्ये बोलते आहे, पण कायदा त्याला दडपण म्हणत नाही.

कलम १. माझ्या वाट्याचे कौलारू घर, सुपारी-नारळाची वाडी, विहीर आणि पंप हे सर्व अनीशला द्यावे. तो माझ्या दिवंगत भावाचा एकुलता मुलगा. मुलगा चांगला आहे. पंप तोच दुरुस्त करतो, माझी औषधे अलिबागहून तोच आणतो आणि माझ्यासमोर फोन खिशात ठेवतो. त्याला इथे पर्यटकांसाठी होमस्टे काढायचा आहे. काढावा. मात्र खोल्यांना बँडची नावे देऊ नयेत, आणि आत्या किती 'कूल' होती असे पाहुण्यांना सांगू नये. मी कूल नव्हते, मी नियमित होते.

कलम २. बँकेतली ठेव अनीशची पत्नी क्रांती हिला, तिच्या एकटीच्या नावावर. घर नवऱ्याच्या नावावर असताना बायकोच्या हातात स्वतःचे काहीतरी असावे, हे नोंदणीच्या टेबलामागे बसून मी शिकले. अनीशने वाईट वाटून घेऊ नये. वाटल्यास क्रांतीकडून उसने घ्यावे.

कलम ३. आमच्या आळीच्या उत्सव मंडळाला कापसाची एक पुडी. मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी माझ्या घरातल्या आवाजाला 'धिंगाणा' म्हटले होते, आणि त्याच आठवड्यात माझ्या खिडकीकडे तोंड करून चार कर्णे बांधले होते. डीप पर्पलचा सगळ्यात मोठा आवाजसुद्धा त्या कर्ण्यांपुढे ओवीसारखा होता. कापूस कानात घालण्यासाठी आहे. मी आता रागावलेली नाही, पण पुडी द्यावीच.

कलम ४. आता मुख्य मिळकत. माझ्याकडे इंग्लंडच्या जुन्या बँडच्या रेकॉर्ड आहेत: लेड झेपलिन, डीप पर्पल, द हू, रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, आणि ज्यांच्याबद्दल घरात आजही वाद आहे असे काही. ही आवड मला मुंबईत कॉलेजात लागली. होस्टेलमधल्या एका मुलीकडे प्लेअर होता आणि आम्ही पाच जणी पलंगावर रांगेने बसून एक पूर्ण बाजू ऐकत असू. मध्ये बोलणारीला बाहेर काढत असू. ती शिस्त मला संगीताइतकीच आवडली. मी गावी परतले तेव्हा वडील, कै. विश्वंभर, यांनी दारातून थोडे ऐकले आणि फक्त जेथ्रो टलला परवानगी दिली, कारण त्यांचा गायक एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो असे मी त्यांना सांगितले होते.

पण रेकॉर्ड आणायच्या कोठून? सफुराचे यजमान, कै. अब्दुस्समद, मालवाहू जहाजावर इंजिनात होते. आमच्याकडे रीत अशी की जहाजावरचा माणूस घरी आला की त्याची पेटी शेजारीपाजारी जमल्याशिवाय उघडत नाहीत, आणि प्रत्येक शेजारघरासाठी तीत एक वस्तू असते. बाकीच्यांना अत्तर, साबण, छत्री. मला रेकॉर्ड. मी बँडचे नाव कागदावर लिहून देई, ते लिव्हरपूल किंवा साउथॅम्प्टनच्या जुन्या मालाच्या दुकानात कागद दाखवत आणि जे मिळेल ते आणत. बदल्यात जाताना आमच्या वाडीची सुपारी नेत. पहिली रेकॉर्ड मी त्यांना ऐकवली तेव्हा त्यांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "बाई, हाच आवाज इंजिनरूममध्ये आमाला पगार देऊन ऐकवतात. तुमी सुपारी देऊन ऐकता."

त्यांच्याबरोबर आलेली सफुरा मात्र बाजू संपेपर्यंत उठलीच नाही. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ती कुंपणातून येते. आधी एक बाजू, मग चहा, मग भांडण.

कलम ५. २००३ साली रोलिंग स्टोन्स मुंबईत आले. तिकिटे अब्दुस्समदनी काढून आणली आणि चहाच्या बशीखाली ठेवली. सफुराच्या सासूला सांगितले की मुंबईत एक लग्न आहे. ब्रेबॉर्नच्या मैदानात आम्ही दोघी, माझी खादीची साडी आणि तिचा बुरखा, अशा सगळ्या पोरांच्या मध्ये उभ्या होतो. तो गायक माझ्याहून मोठा. त्या वयात माझ्या कार्यालयातले पुरुष जिना चढताना कठडा धरत, आणि हा माणूस स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होता. मागे ड्रमर मात्र खातेवहीत नोंदी घालाव्यात इतक्या शांतपणे वाजवत होता. मला तोच पटला. सफुरा प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली होती. मी तिला उतरायला सांगितले, मग मीही चढले. अब्दुस्समद बाहेर चहा पीत थांबले होते. आत का आला नाहीत असे विचारले, तर म्हणाले की चर्चगेटपर्यंत फुकट ऐकू येत होते.

घरी सासूने विचारले, लग्नात जेवायला काय होते. सफुरा म्हणाली, "जेवायला मिळाला न्हाय, बँडवालेच उशिरा आले."

त्या तिकिटांचे तुकडे माझ्या पाकिटात आहेत. ते मला सफुराला द्यायचे होते, परंतु ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही दिले की पुढे हरकत निघते. हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणते, "चाळीस वर्षं तुझी कटकट ऐकली, ती काय कमी मिळकत हाय?" तुकडे माझ्याबरोबर चितेवर ठेवावेत.

कलम ६. संग्रह कोणाला द्यावा यावर आमचा वाद झाला. माझे मत असे की ड्रमर वारल्यावर लेड झेपलिनने बँड बंद केला, हाच सभ्यपणा. मी गेले की कपाटाला कुलूप लावावे. सफुरा द हूच्या बाजूची. त्यांचाही ड्रमर गेला, पण ते वाजवत राहिले. ती म्हणाली, "कुलूप लाव गो, आणि पावसानंतर उघडून बघ काय वाढलाय ते."

तिचे खरे आहे. आमच्या खाऱ्या हवेत न वाजणाऱ्या रेकॉर्डवर बुरशी येते. म्हणूनच अनंत चतुर्दशी ते दिवाळी या काळात मी प्रत्येक रेकॉर्ड मलमलीने पुसून एकदा वाजवते. यंदाही वाजवल्या, एक सोडून. भिंतीवर टांगलेली रेकॉर्ड आणि कुलपातली रेकॉर्ड यांत फरक नाही हे मला मान्य करावे लागले.

तेव्हा संपूर्ण संग्रह, प्लेअर, दोन स्पीकर, सुया आणि मलमलीचे फडके सफुराची नात जुनेरा हिला द्यावे. ती माणगावला नोकरी करते आणि शनिवारी येते. कारण असे की पहिल्याच वेळी तिने पूर्ण बाजू गप्प बसून ऐकली आणि नंतर मला सांगितले, "आजी, तो ड्रमचा तुकडा फार लांबलाय. मध्ये मी धुण्याचा विचार करत होते." माझ्या सर्वांत आवडत्या तुकड्याबद्दल असे मला कोणी बोलले नव्हते. संग्रहाला पुजारी नको, ऐकणारा पाहिजे. अट एकच: शनिवार चुकवू नये.

कलम ७. या संग्रहातून वगळलेली एक वस्तू, म्हणजे घड्याळ. हे कलम अनीशने लक्ष देऊन ऐकावे.

अनीश चार वर्षांचा असताना त्याच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनी कै. आनंदीबाई यांनी, वैशाखात वाळवण घातले. पापड, आमसुले, गाद्या, धान्य. घरातल्या ज्या ज्या वस्तूला पावसात ओल लागते तिला ऊन दाखवायचे, हा त्यांचा नियम. मी कार्यालयात असताना त्यांनी माझ्या रेकॉर्डही कव्हरांतून काढून चटईवर मांडल्या आणि दुपारी उलटल्यासुद्धा. संध्याकाळी त्या पापडांहून जास्त फुगल्या होत्या. मी आठवडाभर वहिनींशी बोलले नाही. त्यांनी त्या सगळ्या पाट्याखाली दाबून ठेवल्या आणि घरात महिनाभर पाट्यावर वाटण झाले नाही. बहुतेक सुधारल्या. पिंक फ्लॉइडची एक लाट घेऊनच राहिली. ती लावली की सुई होडीसारखी वरखाली होते आणि गाणे लांबून, दिघीच्या लाँचमधून आल्यासारखे वाटते.

वहिनींना तीच आवडू लागली. पुरुष वाडीत आणि अनीश शाळेत असे, तेव्हा त्या हात पुसत येत आणि दाराशी उभ्या राहून म्हणत, "वन्सं, ते होडीवालं लावा." बसत नसत. शेवटच्या आजारपणात पहिल्यांदा बसल्या. हे त्यांनी कोणाला सांगू दिले नाही, मुलगा हसेल म्हणून. मी सांगितले नाही.

अनीशने घड्याळासाठी नेमकी तीच उचलली, मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अलिबागला होते तेव्हा. मला म्हणाला, "आत्या, मुद्दाम वाकडी निवडली. चांगलीला हात लावला नाही." मी आभार मानले. पिंक फ्लॉइडने एका गाण्यात वेळेबद्दल जे सांगायचे ते सांगून ठेवले आहे, त्यांना काटे लावायची गरज नव्हती, एवढे मनात म्हटले. घड्याळ चालतही नाही. मिनिटकाटा त्या लाटेवर अडकतो.

ते घड्याळ अनीशलाच द्यावे. त्याच्या आईची वस्तू आहे. पुढे काय करायचे ते त्याने ठरवावे.

कलम ८. माझ्या अंत्ययात्रेत गाणी लावू नयेत. उघड्यावर आवाज बसत नाही. तेराव्याला जेवणाआधी एक पूर्ण बाजू वाजवावी. बोलणाऱ्याला बाहेर काढावे, मग तो भटजी का असेना.

येणेप्रमाणे माझ्या इच्छा आहेत. वर लिहिलेले मी स्वतः वाचले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) क्षिप्रा विश्वंभर वर्तक

साक्षीदार:
१. (सही) सफुरा अब्दुस्समद, शेजारीण
२. (सही) दयाराम, आगरदांडा जेट्टीवरील तिकीट खिडकीचे निवृत्त कर्मचारी

ठिकाण: आगरदांडा
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

हस्तांतरणाची नोंद, त्याच दिवशी, सह्या झाल्यानंतर

वाचन चालू असताना अनीश, क्रांती आणि जुनेरा हजर होते.  कलम ७ संपल्यावर अनीशने उठून भिंतीवरचे घड्याळ काढले आणि पंपाच्या पेटीतला पाना घेऊन ओटीवर बसला. काटे काढले, मागचे यंत्र काढले, आकडे नखाने खरवडले. मधले भोक कारागिराने मोठे केले होते, रेघांना मात्र इजा नव्हती. जुनेराने प्लेअरच्या खिळीला शिवणाचा दोरा गुंडाळून ते भोक भरले.

मग लावली. पूर्वी ती फक्त वरखाली होत असे, आता बाजूलाही झुलते. कोणाला बाहेर काढावे लागले नाही. बाजू संपल्यावर अनीशने विचारले, "आई कुठं उभी राहायची?" मी दार दाखवले. तो तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "परत लाव, आत्या." सफुरा म्हणाली की आज समुद्र खवळलाय.

मरेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही असे त्यानंतर ठरले. म्हणून आज हयातीतच पुढीलप्रमाणे वस्तू ताब्यात दिल्या:

जुनेराला: रेकॉर्डचा संग्रह, प्लेअर, स्पीकर, सुया, फडके. जागा तीच, माझी ओटी. वार तोच.

सफुराला: तिकिटांचे दोन्ही तुकडे. हयातीतली भेट असल्याने कायद्याची अडचण नाही. कलम ५ मधील चितेची सूचना रद्द.

अनीशला: रेकॉर्ड, एक. वाकडी, भोक मोठे झालेले. वाजते.