आधीचं की आधीच

३ मार्च, सोमवार

पुस्तिकेतलं मास्तरांनी लिहिलेलं प्रकरण आज शुद्धलेखन तपासून हातावेगळं केलं. मास्तर म्हणजे आमचे सर्वांत जुने अभियंते. अजून 'कांहीं', 'नाहीं' लिहितात – जुन्या वळणाचे अनुस्वार, नुसते तीळ पेरल्यासारखे! सगळे वेचून काढले.

विषय असा : डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर कुठल्या वाटेनं शोधायचं ते नियोजक ठरवतो. त्यात बाहेरच्यांना आपलं फंक्शन, म्हणजे आज्ञांचा एक तुकडा, जोडता येतं. जोडताना काही मोडू नये म्हणून ही पुस्तिका. मला समजतं ते एवढंच. कॉलेज अर्ध्यात सुटलं. पण ऱ्हस्व-दीर्घात माझी चूक कुणी काढून दाखवावी!

५ मार्च, बुधवार

शेजारच्या टेबलावरची ताई नियोजकाला जोडायचं फंक्शन लिहिते आहे. हंगामी आहे, हे काम जमलं तर कायम होईल. म्हणाली, "पंडित, तू हात फिरवलास म्हणून ही पुस्तिका वाचवते तरी."

दिवसभर हवेत होतो.

११ मार्च, मंगळवार

ताईचं फंक्शन लावलं आणि सर्व्हर आडवा! ते स्वतःलाच बोलवत बसलं, थांबेचना. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले की शेपटीमागे फिरणारं कुत्रंसुद्धा कधीतरी दमतं. सगळे हसले. मीही हसलो.

ताई एवढंच म्हणाली, की पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं.

१२ मार्च, बुधवार

मास्तरांचं मूळ वाक्य काढून पाहिलं – 'नवं फंक्शन लावताना आधीचं जपून ठेवा. शेवटी तेच बोलवा.' म्हणजे आपल्यापूर्वी तिथं जे बसलेलं असेल ते जपा, काम त्याच्यापर्यंत पोचू द्या. तीळ वेचण्याच्या भरात मी 'आधीचं'वरचं टिंबही उचललं. राहिलं काय? 'नवं फंक्शन लावताना आधीच जपून ठेवा. शेवटी तेच बोलवा.' ताईनं नवंच जपलं, नवंच बोलावलं. दुसरं काय करणार बिचारी?

संगणकावरच्या पुस्तिकेत टिंब गुपचूप परत लावलं. सांगायला हवं होतं. उठलो, पाणी पिऊन परत बसलो.

१३ मार्च, गुरुवार

लाज वाटते लिहायला.

साहेब ताईला म्हणाले, दाखव कुठे लिहिलंय. तिनं पुस्तिका उघडली. वाक्य बरोबर! तिनं पुन्हा वाचलं, बोट ठेवून वाचलं. मास्तर हळूच म्हणाले, "बाळ, सरळ तर आहे." ती माझ्याकडे वळली. "पंडित, तू सांग. इथे आधी टिंब नव्हतं ना?"

"लक्षात नाही," म्हणालो.

मी!

१४ मार्च, शुक्रवार

सोमवारी तिचं ठरणार. तोंडाशी येतं आणि गिळतो. मला तरी दुसरीकडे कोण घेणार? – हा विचार आला, त्याचीही शरम वाटली.

ताईनं आज एकच ओळ मला तीनदा वाचायला लावली. "तुलाही हेच दिसतंय ना?"

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही तिला कायमच करणार होतो रे. सकाळीच सोडून गेली. म्हणाली, माझ्या वाचण्यावर माझाच भरवसा उरला नाही."