ओरडायला मोकळा रविवार

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज कलादालनातून एका बाईला बाहेर काढलं. कडेवरचं बाळ हसलं म्हणून! रडलंही नव्हतं. आमचे पहारेकरी काका (मागे सगळे त्यांना शूऽऽकाका म्हणतात) तोंडावर बोट ठेवून आले आणि ती बिचारी सगळ्यांची माफी मागत निघून गेली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती दादाला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणून तर आम्ही येत नाही."

दादा माझ्याहून मोठा, पण बोलत नाही. आनंद झाला की ओरडतो, असा की खिडक्या हादराव्यात. इतकी वर्षं मी तिथे चित्रांखालच्या पाट्या लिहितेय, आणि माझ्याच घरच्यांनी ती जागा आतून पाहिलेली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
हिय्या करून संचालक मॅडमकडे गेले. म्हटलं, एक रविवार सकाळ द्या. कुणीही यावं, बोलावं, हसावं, ओरडावंसुद्धा.

"अगं, हे कलादालन आहे, बाजार नाही."

"बाजारात माणसं तरी येतात, मॅडम!"

बोलून गेले आणि कान गरम झाले. त्या हसल्या. "एक रविवार. एकच हं."

८ फेब्रुवारी, रविवार
काका रुसलेत. "सगळे ओरडणार, तर मी काय शोभेला उभा राहू?" चहासुद्धा घेतला नाही माझ्या हातचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार
कोठीतून खुर्च्या काढल्या, पुसल्या. चित्रं थोडी खाली घेतली, बसल्या माणसालाही दिसतील अशी.

एका चित्राची पाटी आईला वाचून दाखवली : 'अवकाशाची विखंडित जाणीव'.

"म्हणजे काय गं?"

मलाच सांगता येईना! दोघी पोट धरून हसलो. नवी लिहिली : 'पहाटेची नदी. नाव रिकामी का, ते तुम्हीच सांगा.'

२२ फेब्रुवारी, रविवार
आज तो रविवार झाला. सगळं लिहायचंच.

सकाळी वाटलं, चिटपाखरूही येणार नाही. मग समोरचे शिंपी आले, बायकोला घेऊन. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. पोरं, आज्या, गलका! नाव रिकामी का, यावरून शिंपी आणि त्यांची बायको चक्क भांडले.

आणि दादा. आईने त्याची बाही घट्ट धरलेली. मोठ्या पिवळ्या चित्रासमोर तो थांबला, हात हलवायला लागला, आणि ओरडला — आऽऽऽ!

सगळ्या माना वळल्या. आई त्याला ओढायला लागली, "चल राजा, पुरे, चल घरी." तेवढ्यात शूऽऽकाका लांब लांब ढांगा टाकत येताना दिसले. संपलं, म्हटलं.

काकांनी येता येता एक खुर्ची उचलली. दादाच्या मागे ठेवली. "बसून ओरडा," म्हणाले, "उभ्याने दम लागतो."

आधी मॅडम हसल्या, मग सगळेच. आई हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दादा बसला, आणि काय ओरडला! नंतर कितीतरी वेळ गप्प बसून तो पिवळा रंग बघत राहिला. आई शेजारी उभी, त्याची लाळ पुसत, कॉलर सारखी करत.

जाताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही ठेवू या."

काकांनी आज माझ्या हातचा चहा घेतला. दोनदा!

२३ फेब्रुवारी, सोमवार
दादा सकाळपासून बूट घालून दारात बसलाय. सोमवारी दालनाला सुट्टी असते, हे याला कसं समजावू!

२५ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी दालनात गेले तर आई. एकटीच! "दादा कुठाय? काय झालं?"

"काही नाही गं. शेजारच्या काकूंकडे बसवलाय." ती चित्रावरून नजर न काढता बोलत होती. "रविवारी मी त्याच्याकडेच बघत होते. चित्रं बघायची राहिली."

मी धावत जाऊन खुर्ची आणली. बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा आता. मला जरा एकटीला बघू दे."