मीडियम वेव्हवरचा व्यत्यय

अण्णा, तुमचं मीडियम वेव्ह बंद झालं. गावचं रेडिओ केंद्र आता एफएमवर आलंय आणि तुम्ही नोकरीभर सांभाळलेला शेतातला तो उंच मनोरा उतरवायचं घाटतंय. तुमच्या हाताखाली शिकलेले काका आता केंद्राचे इंजिनियर आहेत, त्यांनीच फोन करून सांगितलं. ऐकून मला काहीतरी होईल असं वाटलं होतं, पण फारसं झालं नाही. मीही याच धंद्यातली. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधून टेकडीवरचा मनोरा दिसतो, आणि इथे सिंगापूरमध्ये मीडियम वेव्हची आठवण काढणारंही कुणी भेटत नाही. छोट्या केंद्रांनी एफएमवर जायलाच हवं होतं. आवाज स्वच्छ येतो, वीज कमी लागते, पोरं मोबाइलवर ऐकतात. तुम्हीसुद्धा कागदावर सही केली असती, फक्त आधी दोन दिवस कुरकुर केली असती.

प्रश्न आईचा होता. तुम्ही गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते की आता इकडेच येऊन राहा. ती यायची, काही आठवडे राहायची आणि मग परतीचं तिकीट विचारायला लागायची. गुडघ्यांना इथला एसी सोसत नाही, शेजारणीच्या भरवशावर टाकलेली झाडं वाळली असतील, लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. एकटी बाई त्या घरात पडली-झडली तर, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिच्या गावी ते नव्हतंच.

खरं कारण मला एकदा सुट्टीत घरी गेले तेव्हा कळलं. आई पोळ्या लाटत होती, ओट्यावर तुमचा जुना रेडिओ चालू होता, शेतकऱ्यांसाठी काहीतरी कांद्याच्या रोपांबद्दल. मधेच आवाज गेला. आईने गॅस बारीक केला, पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. आणि तुम्ही बोललात. "तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला आहे. क्षमस्व." आईने गॅस पुन्हा मोठा केला आणि पोळी उलटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "येतात अधूनमधून."

ती टेप भरली तो दिवस मला आठवतो. स्टुडिओ गावात, ट्रान्समीटर गावाबाहेर, आणि मधली लाइन सारखी जाते. लाइन गेली की ऐकणाऱ्यांना काहीतरी सांगायला हवं, पण निवेदिका बाई रजेवर आहेत, म्हणून तुम्हीच बोलायचं ठरतं. रेडिओवर बोलायचं म्हणून तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून निघता, आई हसते. मला शाळेला सुट्टी, म्हणून मीही सोबत. ट्रान्समीटरच्या खोलीत पंख्यांची घरघर आहे, तुम्ही घसा खाकरता, बोलता, आणि नेमकी त्याच वेळी मी बसलेली लोखंडी खुर्ची कुरकुरते. तुम्ही माझ्यावर डोळे वटारता. आता पुन्हा भरणार म्हणून मी श्वास रोखून बसते, पण तुम्ही टेप गुंडाळून ठेवता. "राहू दे. बिघाडात खुर्ची कोण ऐकतंय?" खुर्ची अजून ऐकू येते, अण्णा. 'व्यत्यय' आणि 'क्षमस्व'च्या मधे.

तुम्ही गेल्यावर ती टेप बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, की काकांनीच मुद्दाम बदलू दिली नाही, हे मी कधी विचारलं नाही. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये घरच्यांचे आवाज असण्याआधीच तुम्ही गेलात. तुमचा आवाज उरला तो एवढाच. एफएम सुरू झाल्यावर काही काळ दोन्ही चालू होतं. सगळा गाव एफएमवर गेला, आई मीडियम वेव्हची खरखर ऐकत बसली. मग ते बंद झालं. तिने नाइलाजाने काटा एफएमवर नेला, महिनाभर ऐकलं आणि स्वतःहून मला फोन केला. "एफएम चांगलं आहे गं. काही बिघडतच नाही." मग म्हणाली, "तिकडे राहायच्या तुझ्या त्या पासचं बघ."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं मिळालं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. वाईट वाटलं, सरळ सांगायचं तर. मी काकांकडून ती टेप मोबाइलवर मागवून घेतली. आई इथे आल्यावर तिच्या हातात फोन दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं. तिने एकदा ऐकलं. माझी मुलगी शेजारी होती, तिने तुमचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा सो पोलाइट, ऑलवेज से सॉरी वन, लाह." आई हसली आणि फोन मला परत दिला.

"असं बटण दाबून नको गं. मी बोलावल्यावर ते कधी आले होते? त्यांचं ते यायचे."

मी नोकरीत काय करते ते तुम्हाला माहीत नाही. एक लाइन गेली तर दुसरी तयार ठेवायची, दुसरीला तिसरी. माझ्या लाइनवर व्यत्यय आला तर मला जाब विचारतात. तर आता आमच्या ओट्यावर एक स्पीकर आहे. त्यावर आपल्या गावचं एफएम इंटरनेटवरून लागतं, स्वच्छ, आणि मधे मी एक छोटा कम्प्युटर बसवलाय. सगळं सुरळीत चालू असताना तो आपल्या मनाने कधीतरी आवाज तोडतो आणि तुम्हाला सोडतो. कधी दोन दिवसांनी, कधी पंधरा दिवस काहीच नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "एफएमचंही शेवटी तसलंच म्हणायचं," आणि पुढची जुडी सोडली. तिला कळलंय की नाही, मला माहीत नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही. ती अजून तिकिटाचं बोललेली नाही.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. मुद्दाम बिघाड करते म्हणून तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलं असतं. एकच राहिलं सांगायचं. पुढचा व्यत्यय केव्हा येणार, ते मला त्या कम्प्युटरवर बघता येतं. मी बघत नाही.