शब्दाला फेटा

३ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. इंग्रजी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिणे. रोज एक पान. गडमुडशिंगीत या विषयावर अधिकारानं बोलणारा दुसरा माणूस नाही. कोल्हापुरात असेल तर मला भेटलेला नाही. दूध संस्थेत लोक मला क्लार्क समजतात. समजू देत. संध्याकाळी पाचनंतर मी आकाराम सर असतो.

क्लासचा नवा बोर्ड आज लागला. “अनुभवी” आकाराम “सर” यांचे “इंग्लिश” क्लासेस. मजकूर माझा, छपाई फ्लेक्सवाल्या गुंडूची. पोरांना समजावलं, अवतरणचिन्ह म्हणजे शब्दाला बांधलेला कोल्हापुरी फेटा. ज्याला मान द्यायचा, त्याला बांधायचा. इतकं सोपं करून सांगणारा माणूस खरं तर पुण्यात पाहिजे होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सातला जाग आली. पुस्तक उद्यापासून.
स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं ‘कोल्ड्रिंक्स’ लिहिलंय. अ‍ॅपॉस्ट्रॉफी गायब. त्याला नीट समजावलं की बाटली एक असेल तर नको, पण जास्त असतील तर ‘स’च्या आधी वर शेपटी पाहिजेच. तो म्हणाला, सर, च्या घेनार का नुसतंच वाचनार. अडाण्यांशी बोलू नये.

९ नोव्हेंबर, रविवार
लेक स्नेहल पुण्याहून आली होती. बघायचा कार्यक्रम. मुलगा सम्राट, बिद्रीकडचा, परदेशातून डॉक्टर होऊन आलाय. मोबाइलमध्येच होता. डॉक्टर लोकांना उसंत नसते. स्नेहलनं विचारलं, कुठल्या हॉस्पिटलला असता? उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं, की बघतोय अजून. घराणं नम्र वाटलं.
स्नेहल रात्रीच्या गाडीनं परत गेली. काही बोलली नाही. मुली लाजतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाहुण्यांचा फोन. हो का नाही ते कळवा. स्नेहलला मेसेज टाकला : विचार करायला वेळ पाहिजे, का हो म्हणून टाकू?
तिचं उत्तर : नको हो म्हणा त्यांना
विरामचिन्ह एकही नाही. बापाचा क्लास आणि लेकीची ही तऱ्हा. शेवटी स्वल्पविराम मीच घातला. नको, हो म्हणा त्यांना. म्हणजे वेळ नको, होकार द्या. किती स्वच्छ. लगेच होकार कळवला.
ही म्हणाली, एकदा फोन करून पोरीला विचारा तरी. मी म्हणालो, लेखी उत्तर असताना तोंडी कशाला?

१२ नोव्हेंबर, बुधवार
स्नेहलचा फोन. रडत होती. लग्न ठरलं की रडतातच. म्हणाली, तुम्ही ऐकूनच घेत नाही. तिथं रेंज खरंच कमी असते. मी ‘बरं बरं’ म्हणून ठेवला.
ही कालपासून आमटीत मीठ घालत नाही. विचारलं तर म्हणते, समजून घ्या की, तुम्हाला सगळं समजतंय.
पुस्तक : सोमवारपासून नक्की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
साखरपुडा रविवारी, आमच्या दारात. फ्लेक्सचा मजकूर तयार केला.
वेलकम “डॉक्टर” सम्राट अँड हिज “रिस्पेक्टेड” फॅमिली.
गुंडू म्हणाला, सर, मराठीत करू की, सगळ्यास्नी वाचता येईल. त्याला सांगितलं, सगळ्यांसाठी नाहीच तो. पाहुणे शिकलेले आहेत. त्यांना कळलं म्हणजे झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
स्नेहल आली. डोळे सुजलेले. एसटीचा प्रवास. माझ्याशी बोलत नव्हती, आईजवळच बसून होती.
संध्याकाळी गुंडूनं फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर पाठवला. सहज तिच्यापुढं धरला. बराच वेळ बघत राहिली. मग एकदम हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
‘एक अक्षर बदलू नका पप्पा. लई भारी झालंय. आणखी मोठा करा, लांबनं दिसला पाहिजे.’
लेकीनं माझं इंग्रजी आज पहिल्यांदा पास केलं. डोळ्यांत पाणी आलं. तोंड धुवायला गेलो. गुंडूला फोन करून फ्लेक्स दुप्पट करायला सांगितला.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
पाहुणे आले. फ्लेक्ससमोर फोटो काढायला उभे राहिले. मुलाचा मेव्हणा कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तो मात्र वाचतच राहिला. मग मुलाच्या वडिलांच्या कानाला लागला. वडील माझ्याकडं वळले.
‘पावणं, ह्यो टोमणा कुनाला म्हणायचा?’
मी फेट्याचं समजावून सांगितलं. मेव्हणा म्हणाला, इंग्रजीत सुट्या शब्दाला असं दोन्हीकडून लावलं की अर्थ होतो तथाकथित. नावापुरता डॉक्टर. म्हणण्यापुरतं आदरणीय कुटुंब. मी हसलो. कॉलेजातल्या लोकांचं ग्रामर कच्चं असतं. पण मुलाचे वडील आणखीच तापले.
‘परीक्षा ऱ्हायलीया म्हणून तुमास्नी सांगितलं कुनी? सांगितलं तर सांगितलं, दारात फ्लेक्स लावायचं काय कारान हुतं?’
मी विचारलं, कुठली परीक्षा? तेव्हा सगळं बाहेर आलं. इकडं येऊन द्यायची परीक्षा मुलाची अजून सुटलेली नाही. डॉक्टर म्हणून कुठं बसायचा परवानाच नाही. मेव्हणा खाली बघत होता. मुलगा मोबाइलमध्ये.
गाड्या वळवून गेले सगळे. जेवण तसंच राहिलं. स्नेहलनं मात्र दोनदा बासुंदी घेतली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गावात माझंच नाव. केरबाअण्णा दूध घालायला आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, आकाराम, फसवणारी माणसं नुसत्या टिंबावर धरलीस की रं. मी नाही म्हणालो नाही. विचार केला तर मला शंका पहिल्यापासून होतीच. मन आतून सांगत असतं, त्याप्रमाणे हात लिहितो.
पुस्तकात नवं प्रकरण घालणे : विरामचिन्हे व विवाह.
पाचला उठणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार
स्नेहल पुण्याला निघाली. बॅग खांद्याला लावून माझ्यासमोर उभी राहिली आणि तो मेसेज दाखवला.
‘पप्पा, हे मोठ्यानं वाचा. नको हो, असं म्हणा त्यांना. म्हणून लिहिलंतं मी.’
वाचलं. मोठ्यानं वाचल्यावर दुसरं काही होतच नाही. तरी म्हणालो, मग अवतरणचिन्ह घालायचंस. ती म्हणाली, तुमच्या हिशेबानं तो फेटा झाला असता, त्या नकोलाही तुम्ही मानानं घरात घेतलं असतं. मग म्हणाली, फ्लेक्सवरचा अर्थ मला बघितल्या बघितल्या कळला होता. तोंडानं सांगून तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून राहू दिला.
ही स्वयंपाकघरातून म्हणाली, मी पण नकोच म्हणत होते, पण माझ्या बोलण्यात स्वल्पविराम नव्हता.
फार लाज वाटली. पोरगी फोनवर रडत होती आणि मी रेंज बघत होतो. स्टँडवर सोडायला गेलो. शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. तिनं घेतली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
क्लासला गेलो. कुलूप काढताना वर बघितलं. बोर्ड वाचला. परत वाचला. “अनुभवी”. “सर”. “इंग्लिश”. पोरं मागं उभी होती, म्हणून तिसऱ्यांदा वाचला नाही.
तिथूनच गुंडूला फोन केला. म्हणालो, त्या बोर्डावरची सगळी चिन्हं आजच्या आज काढ. तो म्हणाला,
‘काढली असती की सर. पण काल गाडीला जायच्या आधी स्नेहलताई दुकानात येऊन गेल्या. म्हणल्या, गावात तेवढा एकच बोर्ड बरोबर हाय, त्येला हात लावू नको.’