धनसिंगजी निवृत्त होतात

२४ जानेवारी २००६

माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा आज पुन्हा काढण्यात आली. महिन्यात तिसऱ्यांदा! अपराध — विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावणे. सावली कोणाच्या मालकीची, यावर शास्त्रकारांत मतभेद असतील. आमचे सुरक्षा अधिकारी धनसिंग राठोड यांच्या मनात तसूभरही शंका नाही. म्हणाले, "सर, पाटी वाचता येते ना तुमाले? का संस्कृतात लिहू?"

बावीस वर्षं संस्कृत शिकवून हे ऐकायचं. पंप त्यांच्याच चौकीत होता. हवाही त्यांनीच भरून दिली — तेवढीच मला आणखी लाज.

२५ जानेवारी

फावल्या वेळात ज्या दैनिकाला मी बातम्या पाठवतो, तिथून फोन. धनसिंगजी एकतीसला निवृत्त होताहेत, तीनशे शब्द पाठवा. म्हणजे ज्यानं हवा काढली त्याची स्तुती मीच गायची!

वही घेऊन चौकीत गेलो. बत्तीस वर्षांतली सर्वांत मोठी कारवाई कोणती?

"कुलगुरूंची गाडी अडवली होती. पास नव्हता."

"मग?"

"मंग काय? त्याईनं पास काढला."

चोर किती पकडले?

"एक. बकरी होती. रोपवाटिकेत."

उतरवून घेतलं. तीनशे शब्द कसे होणार, देव जाणे.

२७ जानेवारी

तीनशे शब्द झाले. चौकीतल्या टेबलावर धनसिंगजींचं एक जाडजूड रजिस्टर सापडलं. वसतिगृहातल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि त्या गावाला जाणारी एसटी. सुट्टी संपून चार दिवसांत कोणी परतलं नाही की हे गृहस्थ स्वतः त्याच्या गावी जातात. कापूस घरात आणि भाव पडलेला, अशी ही तीन-चार सालं — तेव्हापासून फेऱ्या वाढल्यात.

"हे कोणाच्या हुकमानं?" मी.

"हुकूम कायले पाह्यजे? बाहेर गेलेलं लेकरू वापस आलं का नाही, हे फाटकवाल्यानं नाही पाह्यचं तं कोणं?"

सध्या एकच नाव अडलंय. मोनाली, बी. ए. दुसरं वर्ष, नेरची. संक्रांतीला गेली ती गेलीच. परीक्षेचा अर्ज कारकुनासमोर सही करून भरायचा, आणि शेवटची तारीख एकतीस. चुकली की वर्ष गेलं.

"एक डाव बसली घरी तं पुन्हा येत नाही, सर. पाह्यलं हाय म्या."

३० जानेवारी

आज ते नेरला जाऊन आले. एकटेच! मोनाली तिथं खरेदी केंद्रासमोर कापसाच्या बैलगाडीवर बसून आहे. गाड्यांची रांग, सहावा दिवस. गाडीवर माणूस नसला की मागचा पुढे घुसतो. बाप श्रावण तापानं फणफणलेला, घरात दुसरं कोणी नाही.

"उद्या चारला तुमचा निरोप समारंभ आहे," मी आठवण दिली.

"हो ना. तुमच्या चाकात हवा हाय न?"

३१ जानेवारी

सकाळीच स्कूटरवरून नेर. मागे धनसिंगजी, कडक इस्त्रीचा गणवेश, काठी आडवी. रांगेत एकच खळबळ — पोलीस आले! मध्येच घुसलेल्या दोन गाड्या आपण होऊन मागे गेल्या.

मोनाली कापसाच्या ढिगावर पुस्तक वाचत होती.

"काका, तुमी?"

"उतर. फारम भर."

"अन् गाडी?"

"मी बसतो."

"आज तं तुमचा सत्कार हाय!"

"नारळ काय पळून राह्यला?"

तिला स्कूटरवर घेऊन विद्यापीठात परतलो; साडेतीनला कारकुनासमोर मोनालीची सही झाली. चारला सभागृहात कुलगुरू, शाल, श्रीफळ आणि एक रिकामी खुर्ची. शेवटी मीच उभा राहिलो — "सत्कारमूर्ती नेरला कापसावर बसले आहेत." सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. शाल-नारळ माझ्या हवाली.

संध्याकाळी पोरीला घेऊन परत नेरला. धनसिंगजींच्या गणवेशाला नखशिखान्त कापूस चिकटलेला.

"सर, अकरा गाड्या पुढं सरकलो!"

बत्तीस वर्षांचं विचारलं तेव्हा चेहऱ्यावर हे तेज नव्हतं. शाल पुढे केली. "श्रावणले द्या. ताप हाय त्याले." नारळ मात्र ठेवून घेतला.

१ फेब्रुवारी

तीनशे शब्द मागितले, नऊशे पाठवले. छापले एकशे ऐंशी. बकरी छापली, नेर कापलं.

३ फेब्रुवारी

चौकीत आता एजन्सीचे रखवालदार. तरणे, नम्र, उठून नमस्कार करतात. कोण परत आलं नाही हे कोण बघतं, विचारलं. "आमच्याकडे फक्त फाटक आहे, सर."

५ फेब्रुवारी

मोनाली आली! गाडीतला कापूस मोजून झाला, श्रावणही उठून बसला.

७ फेब्रुवारी

इंद्रजित वर्गात नाही. हजेरीपट मागे चाळला — अकरा दिवस नाही. अकराही दिवस माझ्याच हातानं 'गैरहजर' लिहिलंय. त्याचं गाव कोणतं, मला माहीत नाही. बावीस वर्षांत असे किती गेले, तेही माहीत नाही. इतके दिवस इथे थट्टा लिहीत बसलो. खरं म्हणजे मला भीती वाटते आहे.