आयुधपूजेची लिंबं

मास्तर, तो आवाज आधी आला होता आणि गाडी मागून. कुणीतरी नवं कोरं कापड एका रेषेत फाडत यावं, तसा आवाज. रविवारची सकाळ आहे, राममंदिराच्या ओसरीवर तुमचा वर्ग भरला आहे. शाळेत आठवडाभर कन्नड आणि इंग्रजी, म्हणून आपल्या लोकांनी मुलांच्या मराठीसाठी तुमच्याकडे हा वर्ग लावून दिलेला. दोन जाजमं समोरासमोर, मध्ये तुम्ही डोळे मिटून उभे, आणि आम्ही सगळे मिळून कविता म्हणतो आहोत. मी ओळीच्या मध्यातच उठलो आणि फाटकाकडे पळालो. उघडी, दोन माणसांची, तारांच्या चाकांची लाल विलायती गाडी होती ती. लांबलचक नाक, त्याच्यावर चामड्याचा पट्टा, आत एक टकला साहेब एकटाच हसत चाललेला. ती वळणाआड गेली तरी मी आवाज संपेपर्यंत उभा होतो. परत आलो तर ओसरी चिडीचूप. तुम्ही अख्खा वर्ग त्याच अर्ध्या ओळीवर थांबवून ठेवला होता. म्हणालात, "तुझी अर्धी ओळ इथे सांडली आहे. उचल ती." आणि मी ती पुरी केल्यावर, न रागावता, "बसा आता, अर्ध्या ओळीचे कवी."

ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. तुम्ही जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, पण घरात ते अजून चालतं, कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही गंमत मी बायकोला सांगून बसलो. आणि तिला उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. सतार गवसणीत आहे. परसातला कमळांचा हौद गुडघाभर खोदून राहिला, त्यात आता तिची कढीपत्त्याची झाडं आहेत. कवितांचं तर विचारूच नका. पहिल्या दोन ओळी मला नेहमी सुरेख सुचतात.

कारखान्याच्या नकाशाघरातून निवृत्त झालो त्याच वर्षी माझा मेहुणा एक दिवस येलहंक्याहून स्कूटरवर आला. तो हवाई दलात इंजिनं सांभाळायचा, आता तिकडेच घर बांधून राहतो. दारातूनच म्हणाला, "भावजी, तुमची लाल बाई सापडली. कोंबड्या अंडी घालताहेत तिच्यात." खोटं वाटेल, पण खरंच होतं. एका म्हाताऱ्या कॉफीमळेवाल्याच्या आवारात, शेवग्याखाली, ती उभी होती. रंग विटक्या विटेसारखा, एक दिवा नाही, आणि गादीवर रागीट चेहऱ्याची कोंबडी. मी नाकावरच्या पट्ट्याला हात लावला तर तो पापडासारखा मोडला. तेवढ्यात माझा सौदा झाला होता. लॉरीवर चढवून ती जयनगरात आणली, तेव्हा आमच्या रस्त्यावरचे सगळे गॅलरीत आले. बायको फाटकात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोंबडी पण आणायची होती," म्हणाली. "निदान ती काम पुरं करते."

या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, हे मला विकत घेतल्यावर कळलं. आणि तो वाळवीनं खाल्ला आहे, हे सुताराला बोलावल्यावर. दोन वर्षं गेली, मास्तर. सांगाडा नवा झाला, पत्रा ठोकला, चाकांची एकेक तार बदलली, लाल रंग तीनदा चढवून दोनदा उतरवला, कारण तो माझ्या डोळ्यांतला लाल नव्हता. आमची न्याहारी इंजिनाच्या भागांशेजारी व्हायची. पिस्टन उपम्याच्या पातेल्याजवळ बघून बायकोनं यंदा श्रावणात शेवटचं सांगितलं. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाहनाला शेवंतीचे हार, चाकांखाली लिंबं, आणि वाहनानं ती चिरडत पुढे जायचं. "यंदा ही स्वतःच्या पायानं लिंबं चिरडणार असेल तर राहू दे," ती म्हणाली. "नाहीतर यशवंतपूरच्या गुजरीवाल्याला बोलावते." गुजरीवाला म्हणजे भंगारवाला. मेहुणा हळूच म्हणाला, "अक्का, लागलं तर मागून स्वल्प ढकलू की." "ढकलून नाही," ती म्हणाली. "ढकललेलं मी आयुष्यभर बघितलंय." आणि तिनं खरोखरच त्या माणसाला फोन करून ठेवला.

अष्टमीच्या सकाळी इंजिन सुरू झालं. ते चालत होतं, पण लंगडत. दोन पावलं नीट, मग एक उसासा, मग बंद. त्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारे कार्बुरेटर दोन आहेत, एका दांडीनं जोडलेले. मेहुण्यानं विमानांच्या गोष्टी सांगत एकाचा स्क्रू फिरवला. तो सुधारला, तर दुसरा बिघडला. दुसरा लावला, तर पहिला गुदमरला. दुपारपर्यंत त्याच्या गोष्टीही आटल्या. "भावजी, मी लढाऊ विमानं उडवून दाखवलीत," तो म्हणाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तू ती पुसायचास."

तो हात धुवायला गेला आणि मी पायरीवर बसून त्या लंगड्या चालीकडे नुसता कान देऊन होतो. आणि मास्तर, मला ओसरी दिसली. आमची दोन्ही जाजमं अशीच एकमेकांना ओढायची. डावीकडचे पुढे पळाले की उजवीकडचे त्यांना गाठायला धावायचे, मग डावीकडचे आणखी. आणि तुम्ही कधीही एका जाजमाला वेगळं दुरुस्त केलं नाहीत. तुम्ही आम्हाला उठवून पाठीला पाठ करून बसवायचात. "एकमेकांकडे बघायचं नाही. आधी दोघंही हळू. आणखी हळू. मला शब्द नकोत, श्वास ऐकू दे." दोन्हीकडचा श्वास सारखा झाला, की मग पुन्हा समोरासमोर. मी पाना उचलला आणि ती जोडणारी दांडी सैल केली. मेहुणा बाहेर येऊन ओरडला, "अहो, तीच तर दोघांना एकत्र ठेवते." मी म्हटलं, "तीच दोघांना भांडायला लावते. स्वल्प गप्प बस." तो गप्प बसला, हेही पहिल्यांदाच. बागेची रबरी नळी कापून तिचं एक टोक कानाला लावलं, दुसरं एका कार्बुरेटरच्या तोंडाशी. आत हवा सुस् करत ओढली जात होती. मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरलं. दोघांनाही हळू केलं, आणखी हळू, इंजिन विझायच्या बेतात येईपर्यंत. डावा जरा घाईत होता. नेहमी डावाच. त्याला केसभर मागे घेतलं, आणि कानात एकच सूर आला. मी डोळे मिटले होते, हे बायकोनं नंतर सांगितलं. दांडी आवळली, आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि आमच्या गल्लीत कुणीतरी नवं कोरं कापड सरळ फाडलं. तोच आवाज. मेहुण्यानं नळी माझ्या हातातून घेऊन आपल्या कानाला लावली आणि ऐकतच राहिला.

नवमीला बायकोनं स्वतःच्या हातानं चाकांखाली लिंबं ठेवली. हार घातला, नाकावरच्या नव्या पट्ट्याला हळद-कुंकू लावलं, कोहळा फोडला, आणि बाजूला होऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, परीक्षकासारखी. मी गिअर टाकला. लिंबं फुटली, मास्तर, सगळी, एकामागून एक. तिनं वाकून चारही चाकांखाली पाहिलं, एक चेपलेलं लिंबू उचलून वासही घेतला. मग दार उघडून माझ्या शेजारी बसली, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळला आणि म्हणाली, "चला. कुठवर जायचं ते मला विचारू नका." आम्ही जयनगरच्या सगळ्या चौकांतून फिरलो. भाजीवाल्या हात हलवत होत्या. परतताना मला तुमच्या कवितेची ती ओळ आठवली आणि मी ती मोठ्यानं म्हटली, पुरी. शेवटचे शब्द तिनंही माझ्याबरोबर म्हटले. इतक्या वर्षांत घरात ऐकून तिला पाठ झाली होती.

हे सगळं तुम्हाला सविस्तर कळवायचं म्हणून आज सकाळी लिहायला बसलो. पुढे तुमच्याबद्दल लिहायचं होतं, खूप. पण आत्ताच घंटा वाजली. फाटकात हातगाडी आणि दोरखंड घेऊन यशवंतपूरचा गुजरीवाला उभा आहे. त्याला नको म्हणून सांगायचं बायको विसरली, आणि आता पदराआड हसते आहे. तो लाल रंगाकडे बघत विचारतो आहे, "सार, हीच का गाडी?" इतक्या लांबून आला आहे बिचारा, त्याला एक फेरी तरी मारून आणायला हवी.

तेव्हा एक कबूल करतो, मास्तर. हे पत्र अर्धंच राहणार आहे.